गुडघ्यावरचं बोट

मी लग्नांचे व्हिडिओ संकलित करतो. घरात त्याला ‘कापतो’ म्हणतात. सासरे तर अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, जावई खिसे कापतो.

एका दिग्दर्शकांना नव्या चित्रपटासाठी सहायक संकलक हवा होता. त्यांनी निरोप पाठवला, आधी माझा मागचा चित्रपट बघा, मग बोलू. मागचा चित्रपट म्हणजे ढीगभर बक्षिसं मिळवून आलेला. माझी लग्नांतून सुटका होणार होती.

(इथे नव्या शर्टाचा परिच्छेद होता. कापला.)

थिएटरात डावीकडे बायको, उजवीकडे खुद्द दिग्दर्शक. पडद्यावर एक म्हातारा दार उघडतो. बाहेर धुकं. म्हातारा धुक्याकडे बघतो, आपण म्हाताऱ्याकडे. मी मनात ‘वा’ म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, पण ते जांभईतून आलं.

माझा सगळा धंदा एका बोटावर चालतो. जिथे कापायचं तिथे बटण दाबायचं. नवरीची आत्या स्टेजच्या पायऱ्या चढायला वेळ लावते. टक. आत्या स्टेजवर.

म्हातारा किटली ठेवतो. किटली तापायचं नाव घेत नाही.

टक.

बायकोने माझा हात धरला. मला वाटलं, प्रेम.

“बोट आवर,” ती कुजबुजली.

मी गुडघ्यावर किटली कापत होतो. तो हात मांडीखाली दाबला, तर दुसऱ्या हाताचं बोट सुरू झालं.

(इथे माझी डुलकी होती. लांबली होती. कापली.)

चित्रपटाचा राग आला असता तर बरं झालं असतं. आला तो स्वतःचा. वर्षानुवर्षं सांगत आलो, लग्नं पोटासाठी, जीव खऱ्या सिनेमात. आणि खऱ्या सिनेमासमोर जीव पेंगत होता.

बाहेर चहा घेताना दिग्दर्शकांनी विचारलं, कसा वाटला. मी म्हणालो, एका फ्रेमलाही हात लावता येणार नाही. बायको कपात बघत राहिली.

“किटलीपाशी तुमचं बोट सारखं आपटत होतं,” दिग्दर्शक म्हणाले. “कुठे कापत होतात?”

ते खरंच विचारत होते. मला आत्ता कळतंय.

“कापत नव्हतो, सर. ताल धरला होता.”

“चित्रपटात संगीतच नाही.”

“आतला ताल, सर.”

बायकोने डोळे मिटले. दिग्दर्शकांनी चहा संपवला आणि शांतपणे सांगितलं की होला हो म्हणणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना भांडणारा माणूस हवा होता.

घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, “किटली फारच वेळ होती रे. तेवढं सांगितलं असतंस तर?”

(इथे उरलेला रस्ता होता. त्यात कोणीच बोललं नाही, म्हणून कापला.)

पुढच्या लग्नात मी इरेला पेटलो. आत्याला पायऱ्या चढू दिल्या. सगळ्या. मध्ये ती दम खायला थांबली, तेही ठेवलं. व्हिडिओ पोचल्यावर नवरीच्या वडिलांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, व्हिडिओ अडकलाय, त्यांची बहीण पायरीवरून हलतच नाही.

अडकलेला नाही, मुद्दामच ठेवलंय, असं सांगायला तोंड उघडलं.

“खरंय,” मी म्हणालो. “बघताना मलाही कंटाळा आला होता.”