मुक्या चित्रातलं पद

"वहिनी, कमरेला एवढं आवळू नका. गायचंय मला."

आत्मारामभाऊजी माझ्या कानाशीच कुरकुरले. मी त्यांना लुगडं नेसवत होते. शाळेत गणित शिकवणारे भाऊजी वीस वर्षं रत्नागिरीच्या आमच्या हौशी मंडळींच्या नाटकात राणी होत. राणीच्या पदाला तीन वन्स मोअर ठरलेले.

तीन वर्षांमागे शिमग्याच्या प्रयोगात वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. सर्दी असेल, असं सगळे म्हणाले. ती सर्दी अजून चालूच होती. त्यांची बायको मथुरा रोज ज्येष्ठमध उकळायची. नाटक बंद पडलं, पण का पडलं हा विषय कुणी काढत नव्हतं.

मग ह्यांनी मुंबईहून कॅमेरा आणला आणि त्याच नाटकाचं हलतं चित्र करायचं ठरवलं. चित्रं तेव्हा मुकीच असत; म्हणजे सर्दीची अडचण नाही. हे त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. भाऊजींचा हिशेब वेगळा. "चित्र बघून पुढल्या वर्षी लोकच नाटक मागतील," म्हणायचे.

ऊन हवं म्हणून सड्यावर, उघड्या कातळावर, महालाचा पडदा बांधला. वाऱ्यानं महाल फुगत होता. त्यात ह्यांचं डोकं: नाटकासारखं लांबून काढायचं नाही, पदाच्या वेळी नुसता गळा नि चेहरा. कॅमेरा हातभरावर आणला.

"आत्माराम, नुसते ओठ हलवलेस तरी चालेल," हे म्हणाले.

"ओठ हलवायला मी काय मासा आहे?" म्हणत भाऊजींनी सूर धरला.

वरच्या सुराशी आमच्या मंडळींतल्या गंगारामनं पेटीचा आवाज एकदम वाढवला. हे कॅमेऱ्याचा दांडा फिरवत राहिले. मी निऱ्यांकडे बघत उभी.

फीत बोटीनं मुंबईला धुवायला गेली, ती शिमग्याच्या आत परत आली. आमच्या बागेतल्या कोठीत खिडक्यांना गोणपाट लावून भरदुपारी चित्र दाखवलं. मंडळी आंब्याच्या रिकाम्या खोक्यांवर बसली.

पद आलं. पडदा म्हणून ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर भाऊजींचा गळा पुरुषभर उंच. शिरा ताठल्या, हनुवटी वर गेली, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. डोळे मिटले. बांगड्या भरलेला हात गळ्याशी आला. चित्र मुकं, पण कोठीत सगळ्यांना ऐकू आलं. वन्स मोअर कुणी दिला नाही.

गोणपाट निघालं.

"काय मग?" भाऊजींनी विचारलं. "पुढल्या वर्षी लावायचं ना नाटक?"

"लुगडं झकास दिसलं हो," गंगाराम म्हणाला.

"ऊनही बरं मिळालं," हे म्हणाले.

मी चहा कुणाकुणाला ते विचारलं.

मथुरा मागे भिंतीला टेकून उभी होती. चारचौघांत ती नवऱ्याशी कधी बोलत नसे.

"अहो," ती म्हणाली, "उद्यापासून मी ज्येष्ठमध उकळणार नाही. आवाज गेलाय तुमचा."