गप आहे, काढा तिले

मित्रांनो, बार्शीटाकळीच्या एका घरात खुंटीला टांगलेल्या पिशवीत पडलेला मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा गेलाय, बॅटरी तासभरही टिकत नाही आणि खरं सांगू, मी आता फार थकलोय. तरी एवढं सांगून टाकतो.

कारखान्यातलं बालपण मला आठवत नाही. आठवतं ते अकोल्याचं दुकान आणि मला छातीच्या खिशात ठेवून एसटीने घरी आणणारे देवमन. केवढं कौतुक झालं माझं! शेजारपाजारचे येऊन माझ्यावर बोट फिरवून गेले. मग देवमनची बायको इंदूबाई मला कापूस वेचायला नेऊ लागली. वेचलेला कापूस ओटीत आणि मीही ओटीतच. कापसाचं तूस माझ्या बोलायच्या बारीक भोकात जाऊन घट्ट बसलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण इंदूबाई फोनवर ओरडूनच बोलायची. पुढे मी त्यांच्या लेकीच्या, दीक्षाच्या हाती आलो.

दीक्षा अकोल्याला अकरावीत गेली, रोज घरून ये-जा करून. वर्गातल्या मुली संध्याकाळी मोबाइलवर एक खेळ खेळायच्या. त्यात सारे गावकरी, पण एकजण लपलेला चोर. प्रत्येक फेरीला आपसांत बोलायचं, मग मतं देऊन एकाला बाहेर काढायचं. चोर निघाला तर ठीक, नाहीतर बिचारा गावकरी हकनाक जायचा. वर्गात दीक्षाशी फारसं कुणी बोलत नसे. या खेळातून मैत्रिणी मिळतील, एवढीच तिची आशा.

पायल या टोळीची पुढारी. तिचं डोकं सरळ चालायचं. चोर कोण ते कळत नसलं, की जी गप बसते तिला आधी काढायचं.

"दीक्षा गप आहे. काढा तिले!"

"मी केव्हाची बोलून राहिली वं! मी चोर नाही!" दीक्षा माझ्यावर ओरडायची. पलीकडे नुसती खरखर. लिहून सांगावं, तर माझी अक्षरं उमटेपर्यंत मतदान आटोपलेलं. पायलने मत दिलं की बाकीच्या डोळे झाकून तिथंच देत. फक्त आकांक्षा नावाची मुलगी आपलं मत राखून ठेवायची. "तिचं ऐकल्याबिगर काहून काढता?" म्हणायची. पण एकटीचं कोण ऐकतं?

बाद झाल्यावर दीक्षा मुकाट्याने बघत बसे. बघता बघता तिला उमगलं, की खरा चोर पहिलं मत कधीच देत नाही. गर्दी कुणावर जाते ते पाहतो आणि हळूच तिच्यात मिसळतो. हे सांगायला तिचा जीव तळमळायचा आणि आवाज माझ्या घशात अडकलेला. एकदा ती देवमनला म्हणाली, "बाबा, मले कोणी खेळात ठेवतच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी अमरावतीला कामाला लागलेला तिचा भाऊ धम्मदीप नवा मोबाइल घेऊन आला. मी पिशवीत गेलो. त्या संध्याकाळी दीक्षाचा आवाज पलीकडे खणखणीत पोचला. "अवं, तू तं बोलते!" पायल म्हणाली. सगळ्यांत शेवटी मत देणारीला दीक्षाने बरोबर पकडलं. टोळीने तिला डोक्यावर घेतलं. मी पिशवीत सुखावलो. वाटलं, सुटलो एकदाचा.

मग परवाची गोष्ट. आकांक्षा मूर्तिजापूरकडे तिच्या गावी गेली होती, तिथं रेंज धड नाही. खेळ सुरू झाला आणि तिच्याकडून नुसती खरखर. ती खरखर माझ्या चांगलीच ओळखीची होती. आता दीक्षा सगळ्यांना थांबवेल, अशी माझी खात्री होती.

"आकांक्षा गप आहे," दीक्षा म्हणाली. किती स्वच्छ आवाज! "काढा तिले."

पहिलं मतही तिनंच दिलं.

मला राग नाही आला. रागवायलाही अंगात जोर लागतो. मित्रांनो, टाचणीने माझं भोक कुणी वेळेवर साफ केलं असतं तर बरं झालं असतं, पण ते राहू द्या. तुमच्यात कुणी गप असली, तर मत देण्याआधी तिला एकदा विचारा. ती केव्हाची बोलून राहिली असेल.