लिफ्टवाल्याचा जिना

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. चोवीस वर्षं लोकांच्या लिफ्टी दुरुस्त केल्या आणि स्वतः राहतात कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. कुणी चिडवलं की म्हणायचे, "दिवसभर लिफ्टीच बघतो. घरी तरी सुटका नको का?" आणि दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत वर यायचे.

मागच्या वर्षी एका मंगळवारी ह्यांच्या पायांना मुंग्या आल्या. मशीन रूममध्ये तासभर उकिडवे बसले होते, त्याने असेल असं वाटलं. बुधवारी मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या. गुरुवारी हातातला चमचा गळून पडला. शुक्रवारी सकाळी मला म्हणाले, "अगं, मला उठवतच नाहीये." आवाज अगदी साधा. नळाला पाणी नाही हे सांगावं तसा.

डॉक्टरांनी तीन इंग्रजी अक्षरांचं नाव सांगितलं. अंगातली जी फौज बाहेरच्या रोगांशी लढायची, तीच उलटी फिरून ह्यांच्या नसांवर तुटून पडली होती. "बरे होतील," डॉक्टर म्हणाले, "पण आधी अजून खालावतील." तसंच झालं. श्वाससुद्धा मशीनच्या हवाली करावा लागला. एकोणीस दिवस फक्त डोळे हलत होते. मी काचेबाहेरच्या बाकावर बसून असायचे.

घशातली नळी निघाली, त्या दिवशी मी आणि माझी मुलगी, दोघी कानात प्राण आणून उभ्या होतो. आता काय बोलतात, कुणाला हाक मारतात! घोगऱ्या आवाजात हे म्हणाले, "बाहेरच्या लिफ्टच्या दाराचा रोलर झिजलाय, आवाज येतोय. सांगा कुणाला तरी."

मुलगी हसता हसता रडायला लागली. मी मात्र सरळ रडलेच.

तिथून ह्यांना पुनर्वसन केंद्रात हलवलं. पाच महिने. बसायचं कसं, कूस बदलायची कशी, शर्टाचं बटण कसं लावायचं, सगळं पहिलीपासून. तिथल्या फिजिओबाई वयाने ह्यांच्या निम्म्या, पण दरारा असा की हे पाठीमागे त्यांना हेडमास्तरीण म्हणत. हॉलच्या कोपऱ्यात सरावाचा एक लाकडी जिना होता. चार पायऱ्या चढायच्या, बोहल्याएवढ्या ओट्यावर उभं राहायचं आणि पलीकडून चार पायऱ्या उतरायच्या.

"वर काय आहे?" ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"काही नाही," हेडमास्तरीण म्हणाल्या.

"मग चढू कशाला?"

"चढायला."

ह्यांना ते उत्तर इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगत होते.

घरी सोडायची तारीख ठरली. मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. सकाळी बाहेर पडते, दुपारी चारला येते. मुलीचं कॉलेज. चौपन्न पायऱ्यांवर हा माणूस एकटा कसा राहणार? त्यात आमच्याच इमारतीत तळमजल्यावरची एक खोली रिकामी झाली होती. मी मालकांशी बोलले, खोली धुवून घेतली, ह्यांचा पलंग खाली उतरवला. बाथरूममध्ये दांडा बसवला, खिडकीला पडदा लावला. सगळं उरकून मग ह्यांना सांगायला गेले. हो, मग. आधी विचारलं नाही, हे मी लपवत नाही. नाही म्हणतील हे मला माहीत होतं.

ह्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी घरी नाही येत. घराच्या खाली येतोय."

"तात्पुरतं हो!"

"तू नि ती वर झोपणार?"

"आलटून पालटून एक जण खाली झोपू."

"मी खालून घंटी वाजवायची आणि तुम्ही उतरायचं. लिफ्टसारखं." हसले, पण ते हसू चेहऱ्यावर ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी थेट हेडमास्तरणींना गाठलं. त्या दिवशी चार पायऱ्यांचा जिना हे बारा वेळा चढले. मधे बसले, पाणी प्यायले, घामाने निथळले, पण बारा वेळा चढले. मला फोन आला. "अठ्ठेचाळीस झाल्या," बाई म्हणाल्या. "सहा कमी पडतात, आणि घरचा जिना असा मऊ नसतो. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. माझ्या अटी पाळणार असाल तर प्रयत्न करू दे त्यांना."

अटी अशा: सकाळची वेळ. कमरेला रुंद पट्टा, आणि तो धरायला एक पायरी खाली दणकट माणूस. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक मजल्यावर खुर्ची. घाई नाही. आणि थांबा म्हटलं की थांबायचं.

हे म्हणाले, "जमलं नाही तर तळमजल्यावर झोपेन, आणि तोंडातून एक अक्षर काढणार नाही." हा करार करून आम्ही रविवारी सकाळी घरी निघालो.

गाडी दारात थांबली आणि मी कपाळावर हात मारला. जिन्याच्या तोंडाशी पान्हा उभा होता. पान्हा म्हणजे ह्यांचा कामावरचा जोडीदार. बावीस वर्षांची जोडी. खिशात कायम पान्हा, म्हणून नाव पान्हा. त्याने जिन्याच्या मधल्या पोकळीत, थेट वरच्या कठड्याला कप्पी लटकवली होती. तिच्यातून जाडजूड दोर, आणि दोराच्या टोकाला पट्टे लावलेली खुर्ची.

"बस," पान्हा अभिमानाने म्हणाला. "तीन मिनिटांत वर. दोर नवा आहे, वजन टाकून बघितलंय. तुझ्या दुप्पट."

ह्यांनी कप्पीकडे पाहिलं, गाठ पाहिली, मान डोलावली. काम चोख होतं. मग म्हणाले, "मी काय कपाट आहे?"

पान्ह्याचं तोंड एवढंसं झालं. "मग मी काय करू? नुसता बघत उभा राहू?"

"माझ्या मागे एक पायरी खाली राहा. पट्टा धर. काउंटरवेट हो."

लिफ्टच्या डब्याला तोलून धरणारं ते पलीकडचं वजन. पान्ह्याला ते काही समजवावं लागलं नाही. त्याने बाह्या सरसावल्या.

बरोबर दहाला सुरुवात झाली. डाव्या हाताने कठडा, उजव्या हातात काठी. आधी उजवा पाय वर, मग डावा त्याच्या शेजारी. पुन्हा उजवा. मुलगी पुढे होऊन खुर्च्या ठीकठाक करत होती, मी ह्यांच्या बाजूला. पहिल्या नऊ पायऱ्या हसत झाल्या. दुसऱ्या नऊ पायऱ्यांना बोलणं थांबलं. पहिल्या मजल्यावर दार उघडून शेजारीण म्हणाली, "या, या! वाटच बघत होतो." हे खुर्चीत बसून म्हणाले, "येतोच आहे. जरा ट्रॅफिक लागलंय."

दुसऱ्या मजल्यावर पोचायला पाऊण तास गेला. शर्ट पाठीला चिकटला होता. दहा मिनिटं बसले. पायांच्या पोटऱ्या आतून थरथरताना विजारीवरून दिसत होत्या.

"बास करायचं?" मी विचारलं.

"छत्तीस झाल्या," एवढंच म्हणाले आणि उठले.

चाळिसाव्या पायरीवर डावा गुडघा दुमडला.

आवाजसुद्धा झाला नाही. माणूस एकदम खाली गेला. पान्ह्याने पट्टा आवळला, मी दंडाला धरलं आणि दोघांनी मिळून ह्यांना वळवून पायरीवर टेकवलं. लागलं काहीच नव्हतं, पण चेहरा राखेसारखा झाला होता. काठी खडखडत खाली गेली. ती थेट दुसऱ्या मजल्यावर जाऊन थांबली.

"झालं," मी म्हणाले. "खाली चला."

"खाली चाळीस," हे धापा टाकत म्हणाले, "वर चौदा. जवळ काय?"

आणि माझा तोल गेला. सहा महिन्यांत मी ह्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, तो त्या जिन्यात चढवला. "तुम्हाला सगळी गंमत वाटते! तुम्ही झोपून होतात हो. त्या एकोणीस दिवसांतलं तुम्हाला काही आठवत नाही. मला मिनिट न् मिनिट आठवतं. मशीनने टूं केलं की मी बाकावरून उठायचे. प्रत्येक वेळी. तुम्ही आज पडलात, काही मोडलं, तर पुन्हा कॉटवर तुम्ही आणि पुन्हा बाकावर मी! खोली काय तुम्हाला कोंडायला घेतली मी?"

पान्हा भिंतीकडे बघत होता. मुलगी वरच्या वळणावर खुर्चीची पाठ धरून उभी.

हे माझ्याकडे बघत राहिले. "हे तू कधी बोलली नाहीस," हळूच म्हणाले.

"कधी बोलणार? तुम्ही बटणं लावायला शिकत होता."

मग हे सरकले आणि पायरीवर माझ्यासाठी जागा केली. मी बसले. पान्हाही खाली टेकला, पण पट्टा सोडला नाही.

"मला वाटत होतं, आजारी मी एकटाच होतो," हे म्हणाले. "तू सांग आता. खाली म्हणालीस तर खाली. खरंच. तोंड वाकडंसुद्धा करणार नाही."

मला माहीत होतं, हे शब्द पाळतील. मी हो म्हटलं असतं तर हे मुकाट उतरले असते. त्या स्वच्छ धुतलेल्या खोलीत, नव्या पडद्याकडे बघत पडून राहिले असते. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रंग परत आला होता. गुडघ्यावर हात ठेवून पाहिला. थरथर होती, पण ऊब होती, जोर होता. पाच महिन्यांपूर्वी हाच पाय मी उशीवर उचलून ठेवायचे तेव्हा तो ओल्या पोत्यासारखा लागायचा.

"उठवतंय का?" मी विचारलं.

"उभं राहायला नाही. पण बसून सरकता येईल. बाईंनी शिकवलंय."

"मग सरका. पट्टा माझ्याकडे द्या, भाऊजी. तुम्ही पाय सांभाळा."

हे पाठमोरे चढायला लागले. दोन्ही हात मागच्या पायरीवर, तळवे दाबायचे, बूड उचलायचं, वरच्या पायरीवर टेकायचं. एक. दोन. मी वरून पट्टा ओढत होते, पान्हा खालून पाय उचलून ठेवत होता आणि मुलगी ओरडत होती, "बाबा, अजून दोन! बाबा, एक!" पाचव्याला हे वळणावर पोचले, आणि मग खुर्चीत.

"बसून चढलेल्या धरायच्या का?" ह्यांनी विचारलं.

"धरायच्या," मुलगी म्हणाली. "पण कुणाला सांगायच्या नाहीत."

पण सांगायला राहिलं होतं कोण? कठड्यावरून डोकावलं तर खाली सगळ्या मजल्यांवर माणसं उभी होती. माझं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी वर घेऊन आल्या, ह्यांच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "बरं केलंस बोललीस. पोटात ठेवलं असतंस तर सडलं असतं."

उरलेल्या नऊ पायऱ्या हे उभ्याने चढले. वीस मिनिटं लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकले की खालून कुणीतरी मोठ्याने आकडा म्हणे. मग दोघं, मग दहा जण. "सात! आठ!" शेवटच्या पायरीवर डावा पाय उचलेना. हे थांबले, श्वास घेतला आणि पायाला म्हणाले, "चल बाबा, घर आलं." पाय आला.

टाळ्यांनी जिना दणाणला. पान्हा ढसाढसा रडत होता, आणि वर म्हणत होता की डोळ्यांत कचरा गेला.

हे आत आले. हॉल, स्वयंपाकघर, मुलीची खोली. काठी टेकत, भिंतीला हात लावत सगळं घर फिरले. मग खुर्चीत धप्पकन बसून म्हणाले, "चहा मिळेल का, की तोही खालीच ठेवलाय?" मघाशी राखेसारखा झालेला चेहरा आता इतका लाल नि इतका माजोरडा दिसत होता, की मला पुन्हा भांडावंसं वाटलं. चहा केला. पलंग मात्र पान्ह्याने दुपारी त्या कप्पीने वर चढवला, म्हणजे त्याची मेहनत वाया गेली नाही.

उतरणं चढण्याहून अवघड निघालं. अकरा दिवस हे घरातच होते. बाराव्या दिवशी उतरले आणि पुन्हा चढले. मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. हॉलमध्ये खुर्चीची पाठ धरून उठाबशा चालायच्या. काठी सुटली ती सातव्या महिन्यात.

आता कामावर जातात. लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये उतरायची परवानगी नाही, ते काम पान्ह्याचं. हे मशीन रूममध्ये खुर्चीवर बसून आवाज ऐकतात आणि सांगतात, "ब्रेकचा पट्टा उजवीकडून घासतोय." पान्हा म्हणतो, आता आम्ही दोघं मिळून पूर्वीच्या तिघांचं काम करतो.

गेल्या महिन्यात मी सुट्टी घेतली होती. हे म्हणाले, "चल, दाखवतो." एका बारा मजली इमारतीतली लिफ्ट ह्यांनी नि पान्ह्याने नुकतीच लावून दिली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या हातच्या लिफ्टमध्ये मी ह्यांच्याबरोबर कधी बसले नव्हते. ह्यांनी बटण दाबलं. दार सरकलं, मिटलं, आणि आम्ही वर निघालो. हे ताठ उभे, कशालाही न धरता. बाराव्या मजल्यावर लिफ्ट थांबली.

"कशी वाटली?"

"थांबली कधी ते कळलंच नाही."

"मग!" हे म्हणाले, आणि दार उघडताच माझ्या आधी बाहेर पडले.