बाबा थांबले ती जागा

तुम्ही माझ्या बापाला खोटं पाडलंत. आवाजांच्या संग्रहाचे प्रमुख, उपप्रमुख, तांत्रिक विभाग, त्या खुर्चीत जो कोणी बसत असेल तो. फोनवर दरवेळी नवा आवाज येतो, म्हणून सगळ्यांनाच एकदम सांगतो. आमच्या घरातल्या दोन माणसांमध्ये अर्ध्या आयुष्यानंतर एक गोष्ट घडली होती. ती तुम्ही पुसलीत आणि वर तिला 'सुधारणा' म्हणालात. काय पुसलंत हे तुम्हाला ठाऊक नाही. मी सांगतो. शेवटपर्यंत ऐका, मध्येच दुसऱ्या विभागाकडे ढकलू नका.

बाबा ड्रम वाजवायचे. हॉल, क्लब, लग्नं, जिथे बोलावणं येईल तिथे. बँडमधली माणसं त्यांना 'खिळा' म्हणायची, कारण एकदा ठोकला की हलत नाही. गिटारवाला चुकला तरी बाबा थांबायचे नाहीत. एकदा मधेच वीज गेली तर हे अंधारात वाजवतच राहिले. दिवे आले तेव्हा बाकीचे खाली वाकून वायरी चाचपत होते आणि बाबा आपले बरोबर त्याच लयीत, जसं काही झालंच नाही. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. घरी पाहुणा आला की ती सांगितल्याशिवाय त्याला चहा मिळायचा नाही.

ताई त्याच बँडमध्ये गायची. आवाज असा की भांडी घासणारी माणसं हात पुसत बाहेर यायची. पण तिला एक खोड होती. ओळीच्या शेवटी सगळा जीव ओतायची आणि पुढचा श्वास घ्यायला किंचित उशीर करायची. बाबा घरी ओरडायचे, ती हसण्यावारी न्यायची. मग एका कार्यक्रमात, भरल्या हॉलसमोर, बाबांनी गाणं मध्येच बंद पाडलं. काठ्या मांडीवर ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आधी मोजायला शिक, मग गा."

लोक हसले. ताई मंचावरून उतरली ती उतरलीच. पुढे तिनं पोस्टात नोकरी धरली, दुसऱ्या गावी राहिली. सुट्टीला घरी यायची, जेवायची, भांडी आवरायची, पण बाबांशी अवाक्षर बोलली नाही. बाबाही नाहीत. दोघं एकाच मातीचे.

फुफ्फुसं निकामी व्हायला लागली तेव्हा ती कायमची घरी आली. नाकाला नळी, खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. आणि मधला दूत मी. तिनं म्हणायचं, त्यांना सांग, टीव्ही बारीक करा. त्यांनी म्हणायचं, तिला सांग, बारीकच आहे. दोघं एकाच खोलीत, समोरासमोर. मी एकदा म्हणालो की या कामाचा मला पगार सुरू करा. ताई हसली आणि मग बराच वेळ खोकली. बाबा तिच्याकडे न बघता पाण्याचा पेला तिच्या बाजूला सरकवून निघून गेले. असे ते होते.

मी हॉलमध्ये माइक-स्पीकर लावून देतो. घराच्या मागच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. भिंतींना जुन्या गाद्या, दाराला रजई, खिडकी कायमची बंद. ताईनं एक दिवस सांगितलं की तिनं स्वतः रचलेलं एक गाणं गायचं राहून गेलंय, आणि डॉक्टर म्हणतायत त्यावरून फार काळ ते राहू देण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, गिटार मी मागाहून भरतो, ड्रमवर ओळखीचा एक मुलगा आहे. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "ड्रमवर दुसरं कुणी नको."

बाबा नखं कापत बसले होते. निरोप ऐकला, पुढचं नख कापलं. मी विचारलं, कानात टिकटिक लावू का, लय धरायला बरं पडतं. तर म्हणाले, मी असताना टिकटिक कशाला, त्या टिकटिकीलाच माझ्याकडे शिकायला पाठव. हा त्यांचा होकार होता. मी तो ताईला सांगताना त्यात दोन गोड शब्द घातले. मी नेहमीच घालायचो.

इथे तुम्ही आलात. घरोघरचे आवाज जतन करायची तुमची योजना. दोघांना एका खोलीत बसवून चालणार नव्हतं, ड्रमचा आवाज ताईच्या बारीक आवाजावर सांडला असता, आणि माझ्याकडचं यंत्र एका खोलीपुरतं. तुम्ही दोन रेकॉर्डर दिलेत. वेगवेगळ्या जातीचे, ती यंत्रं एकमेकांशी जोडायची सोय नाही. ध्वनी परस्पर तुमच्याकडे जाणार, काटछाट करायची तीही तुमच्याच सर्व्हरवर, घरी प्रत ठेवायला बंदी. मी कुरकुर केली तेव्हा तुमचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला की मूळ प्रतीला कुणीही हात लावत नाही, ती कायम सुरक्षित असते. हे वाक्य मी विसरलेलो नाही. तुम्हीही विसरू नका.

ताई झोपायच्या खोलीत, बाबा स्टुडिओत. ऑक्सिजनचं यंत्र घरघरायचं म्हणून ते न्हाणीघरात ठेवलं आणि लांब नळी दाराखालून तिच्यापर्यंत आणली. दोघांच्या कानांवर हेडफोन, मी ओढलेल्या वेगळ्या वायरींवरून एकमेकांचं सगळं ऐकू येतंय. मी मधल्या बोळात उभं राहून जोरात टाळी वाजवली. दोन्ही यंत्रांनी ती टाळी टिपली की नंतर ती एकावर एक ठेवून जुळवणी करता येते, म्हणून. मग यंत्रं तशीच चालू ठेवली, कारण ताईचा दम कधी साथ देईल याचा नेम नव्हता.

बराच वेळ काही जमेना. ती दोन ओळी गायची आणि थांबायची. मधेच म्हणाली, त्यांना सांग, ब्रश जरा हळू. बाबा काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वाजवत होते, आणि तिचं बोलणं त्यांच्या थेट कानात पडत होतं. तरी मी दाराशी जाऊन सांगितलं की ताई म्हणतेय, ब्रश जरा हळू. बाबांनी मान डोलावली. मी परत तिच्या दाराशी येऊन सांगितलं की बरं म्हणालेत.

शेवटी एकदा गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलं. मी बोळात दुसरी टाळी वाजवली. बाबांनी ड्रमवर फडकं टाकलं आणि ताईच्या औषधांसाठी बाहेर पडले.

जुळवायला बसलो तर पहिली टाळी बरोबर बसली आणि शेवटची दुभंगली. आधी एका यंत्राची, मग दुसऱ्याची, डोंगरातून आवाज परत यावा तशी. दोन यंत्रांची आतली घड्याळं वेगवेगळी चालत होती. फरक केसाएवढा, पण इतका वेळ साचत गेला की कानाला टोचतो. मी तुम्हाला फोन केला. म्हटलं, तुमच्या यंत्रांची घड्याळं जुळत नाहीत, बघून घ्या, उद्या दुसऱ्या कुणाला त्रास होईल. चांगुलपणानं केला होता तो फोन.

माझ्यापुरता इलाज मला माहीत होता. घड्याळाची चूक एकसारखी असते, ती कुणासाठी कमी-जास्त होत नाही. बाबांची फाइल मी किंचित ताणली, दोन्ही टाळ्या एकावर एक बसल्या. तरीही त्या पूर्ण गेलेल्या गाण्यात ब्रश मधेमधे उशिरा येत होता. सगळीकडे नाही, काही ठिकाणीच. मी हिशेब पुन्हा केला, यंत्राला शिव्या घातल्या. मग मनात आलं की हात थकला म्हाताऱ्याचा. हे कुणाला कळू नये म्हणून गुपचूप दुरुस्त करावं असं ठरवून मी ताईचा आवाज सोबत लावला, जागा हेरायला.

ज्या ज्या जागी ब्रश उशिरा होता, त्या त्या जागी ताईचा श्वास होता.

ती श्वास घ्यायची आणि ब्रश तेवढा थांबायचा. ती आली की तो यायचा. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिला दमच पुरला नाही. तिथे अख्खी मात्रा रिकामी गेली, आणि बाबा ब्रश कातड्यावर नुसता गोल फिरवत राहिले, पाठीवरून हात फिरवावा तसा, ती परत येईपर्यंत. विजेसाठी न थांबलेला माझा बाप तिथे थांबला होता. खिळा हलला होता. मी एकाही जागेला हात लावला नाही.

ताईला ऐकवलं. ती डोळे मिटून पडली होती. ती जागा आली तशी तिनं हात वर केला. पुन्हा लाव. पुन्हा लावलं. आणखी एकदा.

"बाबा थांबले रे," ती म्हणाली. जरा दम खाऊन पुढे म्हणाली, "मी ऐकलं हे त्यांना कळू दे. पण तू सांगू नकोस, तुझं त्यांना खरं वाटत नाही. माझ्यासमोर ऐकव. मी फक्त हात वर करीन."

बाबा औषधं घेऊन आले तोवर तिचे ओठ निळे पडले होते. अँब्युलन्स आली. दवाखान्यात तोंडात नळी गेली, ती परत शुद्धीवर आली नाही. बाबा बाहेरच्या बाकावर बसून होते. मी गाण्याचा विषय काढला नाही, कारण ती घरी येईल आणि तिच्यासमोर ऐकवू, असं मला वाटत होतं. ती घरी आली नाही.

सगळे विधी आटोपले, आलेली माणसं गेली, तेव्हा मी बाबांना स्टुडिओत बसवलं आणि हेडफोन दिले. तुमच्या सर्व्हरवरचं गाणं उघडलं. तेवढ्या दिवसांत तुम्ही तुमचं काम उरकून टाकलं होतं.

मी बाबांच्या हाताकडे बघत होतो. ते मांडीवर बोटांनी सोबत वाजवत होते. दुसऱ्या कडव्याचा शेवट आला आणि बोटं थांबली. गाणं थांबलं नाही. ते सरळ पुढे गेलं, पट्टीनं आखल्यासारखं. ताईचे श्वास कापलेले, ओळी ओढून ठोक्यावर बसवलेल्या. एका दम न लागलेल्या बाईनं एका न थांबलेल्या माणसाबरोबर गायलेलं गाणं.

बाबांनी हेडफोन काढले. ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"मी इथे थांबलो होतो," ते म्हणाले. मग खूप हळू, "तिनं हेच ऐकलं?"

मी सांगितलं की नाही, तिनं खरं ऐकलं, तीन वेळा ऐकलं, बाबा थांबले हे तिच्या तोंडचे शब्द आहेत. हातसुद्धा वर केला होता, असं म्हणून मी तो करून दाखवला. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात दया होती, हे मला सोसवत नाही.

"तू जन्मभर तिचे निरोप गोड करून आणलेस. हाही त्यातलाच," ते म्हणाले. आणि उठून गेले.

मी तुम्हाला फोन केला. तुमच्या माणसानं यंत्रासारखं वाचून दाखवलं की माझ्याच तक्रारीवरून लय सुधारली आहे, आता अचूक आहे, ऐकायलाही छान वाटतं. अहो, मी घड्याळं दुरुस्त करा म्हणालो होतो. माणूस दुरुस्त करा असं कुणी सांगितलं होतं? घड्याळ सगळ्यांना सारखंच चुकतं. माझा बाप एकाच माणसासाठी चुकला होता, मुद्दाम, आयुष्यात पहिल्यांदा. एवढा फरक ज्याला ऐकू येत नाही त्यानं आवाजांचा संग्रह कशाला करावा? बटणांचा करा.

मूळ प्रत मागितली. एक म्हणाला आहे, जुन्या साठ्यात असेल. दुसरा म्हणाला सुधारित प्रत तिच्यावरच चढवली जाते, जागा वाचते. तिसऱ्या बाईंनी चौकशी करून कळवते म्हटलं आणि हात वर केले.

बाबा माझ्याशी नीट वागतात. मी जेवलो का विचारतात. ताईच्या खोलीतली नळी त्यांनी स्वतः गुंडाळून ठेवली. गाण्याबद्दल शब्द काढत नाहीत. फक्त फोन वाजला की मान वर करतात आणि मी ठेवेपर्यंत तशीच धरतात. त्यांना वाटतं, त्यांची लेक जाताना ऐकून गेली की हा माणूस आजही माझ्यासाठी थांबला नाही. आणि मी शपथेवर सांगितलं तरी माझ्या शब्दाला या घरात किंमत नाही. किंमत आहे ती त्या रिकाम्या मात्रेला, आणि ती तुमच्याकडे आहे.

तेव्हा माफी नको, पोच नको, विभागाचं नाव नको. मूळ ध्वनी आहे की पुसला? असेल तर मी आत्ता निघतो, जसा असेल तसा उचलून आणतो. पुसला असेल तर आमच्या घरी या, त्यांच्या समोर बसा आणि तुमच्या तोंडानं सांगा की तुम्ही थांबला होतात आणि आम्ही ते पुसलं. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं कदाचित ऐकतील. म्हातारा माणूस आहे, त्याच्यापाशी फार वेळ नाही. आहे की नाही, बोला.