सोमनाथची दुसरी दाढ

दाढ निघाली, कापसाचा बोळा बसला, आणि खुर्चीतून उठल्याबरोबर सोमनाथने बायकोकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज शुक्रवार होता. सोमवारी छाटणीची टोळी येणार होती.

दिंडोरीच्या पुढे त्याची द्राक्षबाग होती. पेठकडची टोळी वर्षभर आधी सांगून ठेवावी लागते आणि ठरलेला दिवस चुकला तर ती दुसऱ्याच्या बागेत जाते. मागच्या वर्षी याच आठवड्यात त्याची उजवीकडची अक्कलदाढ काढली होती. तिसऱ्या दिवशी, नेमकी टोळी आली त्या सकाळी, असा ठणका सुरू झाला की सोमनाथ आठवडाभर गाल धरून पडून होता. छाटणी त्याच्या वडिलांनी, रंगनाथनानांनी करून घेतली. त्यांच्या जुन्या पद्धतीने काडी लांब राखून तिच्यावर कोंब फुटायचे डोळे जास्त ठेवले. घड भरपूर लागले, पण मणी काही फुगले नाहीत. त्यावरून बापलेकांत वर्षभर वाद चालू होता. यंदा डावी दाढ सुजली, ती थांबायला तयार नव्हती. सोमवारी बांधावर उभं राहायचं, एवढंच सोमनाथला हवं होतं.

डॉ. स्नेहल बोळा काढेपर्यंत पेशंटला बसवून ठेवत. तो काढल्यावर त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी सूचना पाळल्या होत्या ना?"

"सगळ्या," सोमनाथ बधिर ओठातून म्हणाला.

"मी साक्षीला आहे, मॅडम," त्याची बायको सृष्टी म्हणाली. "ताकसुद्धा चमच्याने पाजलं. तंबाखूचं तर नावच नाही, घर माळकरी आहे."

"बरं, यंदाच्या सूचना सांगा बघू."

सोमनाथने घडाघडा म्हणून दाखवल्या. थुंकायचं नाही. आज चूळ भरायची नाही, उद्यापासून कोमट मिठाचं पाणी, तेही हलकेच. गरम नाही, तिखट नाही. स्ट्रॉने काही प्यायचं नाही.

एकही शब्द चुकला नव्हता. तरी डॉक्टरांचं समाधान झालं नाही. सूचनांचा कागद त्यांनी बाजूला ठेवला. "आता हे राहू द्या. उद्या उठल्यापासून काय काय करणार, ते सांगा."

"उद्या? उठणार. चहा घेणार."

"गार करून," सृष्टी म्हणाली.

"गार करून. मग मळ्यात."

"आराम सांगितलाय मी, सोमनाथभाऊ."

"आरामच की, मॅडम. फवारणी नाही, काही नाही. नुसतं ठिबक बघायचं."

"ठिबक बघायचं म्हणजे?"

"मोटर चालू करायची आणि ओळीओळीने फिरायचं. ज्या वेलीला पाणी पडत नाही तिथला ड्रिपर काढायचा, साफ करून परत लावायचा."

"कशाने साफ करता?"

सोमनाथने दोन बोटं ओठांशी नेली आणि गाल फुगवले. डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं.

"फुंकायचं नाही. दाखवायलाही नाही." मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि फुंकून नाही निघालं तर?"

"तर ओढायचं."

"मग?"

"मग माती येते तोंडात. ती थुंकायची."

सृष्टीने कपाळाला हात लावला.

"मागच्या वर्षीही ठिबक बघितलं होतं?"

"दुसऱ्याच दिवशी," सोमनाथ म्हणाला. थोडा विचार करून त्याने जोडलं, "पण मॅडम, स्ट्रॉ मी जन्मात वापरलेली नाही."

"ते मान्य आहे," डॉक्टर म्हणाल्या. हसू आवरून त्यांनी समजावलं. दाढेच्या खड्ड्यात रक्त गोठतं, तेच त्याचं झाकण. फुंकलं, ओढलं, जोरात थुंकलं की झाकण निघतं आणि खालचं हाड उघडं पडतं. नळी उसाच्या रसाची असो की ठिबकची, खड्ड्याला सारखंच.

घरी नाना ओट्यावर बसले होते. "आली का काढून? खालच्या दोन्ही गेल्या. वरच्या दोन हायेत, जपून वापर."

सोमनाथने कागदावरच्या सूचना नव्हे, खड्ड्याची आणि झाकणाची गोष्ट सांगितली. नानांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

सकाळी सृष्टीने गाडीवर बांधायचा आपला गुलाबी फुलांचा स्कार्फ त्याच्या तोंडावर गच्च बांधला.

"अगं, लोक हसतील."

"हसू द्या. तुमचा हात तुमचं ऐकत नाही."

ते खरं निघालं. तिसऱ्याच ओळीत एक ड्रिपर कोरडा सापडला. सोमनाथच्या मनात नानांशी होणारा सोमवारचा वाद चालू होता. हाताने ड्रिपर उपसला, तोंडाकडे नेला, आणि तो गुलाबी फुलांवर आपटला. सोमनाथ जागच्या जागी उभा राहिला.

मागून नाना येत होते. "आण इकडं," ते म्हणाले. ड्रिपर ओठात धरून त्यांनी असा फुंकला की मातीचा खडा पलीकडच्या ओळीत गेला.

"नाना, राहू द्या. पिनने करतो मी."

"गप. माझ्या तोंडात पडायला काय राहिलंय?" नाना बोळकं दाखवत म्हणाले. दुपारपर्यंत सगळ्या ओळी त्यांनीच मोकळ्या केल्या. सोमनाथ नुसता मागे चालत वेली मोजल्यासारखा बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मळ्यात आराम केला.

सोमवारी उजाडायच्या आत त्याने जिभेने नव्हे, नुसत्या लक्षाने दाढेची चौकशी केली. थोडं ओढल्यासारखं वाटत होतं, पण ठणका नव्हता. तो उठून बसला. सृष्टी अंधारात जागीच होती.

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला. "खरंच काही नाही."

टोळी आली. मुकादम बारकूने स्कार्फकडे बघितलं. "शेठ, नवरी कोणाची म्हणायची?"

"काम बघ, बारकू."

नानांनी पहिल्या वेलीजवळ जाऊन काडी हातात घेतली. "हितं वर काप. दोन डोळे जास्त ठेव."

सोमनाथने स्कार्फ खाली ओढला. "नाही, नाना. खाली काप, बारकू. मी सांगतो तिथे."

बारकूने दोघांकडे बघितलं आणि सोमनाथच्या बोटाखाली कात्री लावली. काडी खाली पडली.

नाना बांधाकडे वळले. सृष्टी तिथे पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "ते फडकं अजून आठवडाभर बांध त्याच्या तोंडाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणावं."