पिवळ्या पाठीचे जाकीट

मी एक जुने जाकीट आहे. मला बाह्या नाहीत. त्या कुणी कापल्या नाहीत, मुळातच नव्हत्या. जी माणसे नदीत उभी राहून गळ टाकतात, त्यांच्यासाठी मी शिवला गेलो. बाह्या असत्या तर त्यांचे हात अडले असते. माझ्या छातीवर लोकरीचा एक लहानसा चौकोन आहे. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या गळाला लावतात, आणि त्या भिजल्या की या चौकोनावर टोचून वाळवतात. पुढून माझा रंग शेवाळासारखा आहे. पाठीमागून मात्र मी पिवळाधमक आहे. असे का, तेच तुम्हाला सांगायचे आहे, मित्रांनो.

एका लांबलचक खोलीत, यंत्रांच्या रांगांमध्ये मी तयार झालो. एका बाईने खांदे जोडले, दुसरीने खिसे लावले, तिसरीने चेन बसवली. मला पुरता असा फक्त घडी घालणाऱ्या बाईने पाहिले, तेही क्षणभर. तेव्हा माझी पाठ जाळीची होती आणि वारा आरपार जात असे. मग मी एका दुकानात आलो. माझ्या शेजारी जाड कापडाची, खिशांनी लगडलेली जाकिटे टांगलेली होती. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे वळे. खिसे मोजण्यात माणसांना फार आनंद वाटतो. मी तसाच लटकत राहिलो.

एके दिवशी तिघे जण आले. एक रंगारी, त्याची बायको आणि त्यांची मोठी मुलगी. जन्मभर लोकांच्या घरांची छते रंगवून रंगाऱ्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. आधीचे जड जाकीट घातले की त्याची मान दिवसभर ठणके. हलके जाकीट मिळाले नाही, तर नदीवर जाणे बंद करावे लागणार होते.

"हे बघा, किती हलकं," मला एका बोटावर लटकवून तो म्हणाला.

"रिकामं जाकीट सगळ्यांनाच हलकं वाटतं," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "तुमचं नेहमीचं सामान आणलंय ना? ते आधी खिशात भरा, मग बोला."

त्याने पिशवी उलटी केली. डब्या, दोऱ्याची रिळे, छोटी कात्री, चष्मा आणि एक पाना.

"बाबा, नदीत पाना कशाला?" मुलीने विचारले.

"लागतो कधी कधी."

"कधी लागला?"

"अजून नाही लागला."

पाना पिशवीत परत गेला. बाकीचे सामान माझ्या खिशांत आले आणि मी त्याच्या अंगावर चढलो. बायको कपडे लहानमोठे करून देण्याचे काम करत असे, त्यामुळे तिने मला नीट तपासले. "हात वर करा. छत रंगवताना करता तस्से. आता मान फिरवा. काचतंय कुठे?"

"अजिबात नाही गं."

माझे खांदे रुंद होते, त्यामुळे ओझे मानेवर येत नव्हते. मी आखूडही होतो, म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात खिसे कोरडे राहणार होते. सगळे जमले होते. तरी बायकोचे समाधान होईना.

"आता रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा."

"अगं, मासे काय रस्त्यात आहेत?"

"जा म्हणते ना."

आम्ही पलीकडे गेलो. मागे एक भिंत होती, तिच्यावर हिरवी वेल चढलेली. बायको दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिची नजर आमच्यावरून पुढे गेली, वेलीवरून फिरली, परत आली. कुठेच थांबली नाही. मग मुलीने तिचा दंड धरून तिला हळूच आमच्याकडे वळवले, तेव्हा ती हसली आणि तिने मान डोलावली. रंगारी त्या वेळी भिंतीचा उडालेला रंग निरखत होता. त्याला यातले काही दिसले नाही.

घरी आल्यावर मुलगी आईच्या शिलाई मशीनजवळ बसली. मी तिथेच खुर्चीवर होतो.

"आई, डॉक्टरांना दाखव."

"दाखवलंय. जेवढं व्हायचं तेवढं झालं. सुईत दोरा ओवते ना मी अजून? लांबचंच तेवढं पुसट झालंय. बाबांपाशी बोलू नकोस."

"का पण?"

"कळलं तर नदीवर जायचेच नाहीत. मग घरात बसून याच भिंती पुन्हा पुन्हा रंगवतील. मला वास सहन होत नाही."

हे ती हसत म्हणाली. पण मित्रांनो, काही वर्षांपूर्वी रंगारी पाण्यात घसरून वाहत गेला होता. काठावरून तिनेच ते पाहिले आणि ओरडून माणसे गोळा केली. तेव्हापासून तो नदीत असला की ती काठावर शिवण घेऊन बसायची आणि दर थोड्या टाक्यांनी मान वर करायची. आता मान वर केली तरी तो दिसत नव्हता.

तिने माझी जाळीची पाठ उसवली. छत्रीला असते तसे पातळ कापड आणले होते, पिवळे. ते बसवले. कडांना हवेसाठी फटी ठेवल्या. माझे वजन जराही वाढल्याचे जाणवू दिले नाही. रंगाऱ्याने पाहिले आणि तो मटकन खालीच बसला.

"अगं, हे काय केलंस! मासे पळून जातील सगळे."

"मासे तुमच्या पाठीमागे असतात का?"

"नाही. समोर."

"मग समोरून तुम्ही शेवाळच आहात. पाठ माझी आहे."

नदीवर चांगलीच चेष्टा झाली. तासन्‌तास एका जागी उभा राहतो म्हणून सोबती त्याला बगळा म्हणत. त्यांच्यातला पोस्टमन लांबूनच ओरडला, "अरे बगळ्या, पाठीवर 'रस्ता बंद' लिहायचं राहिलं का रे?" घरी जाताना रंगारी बायकोला म्हणाला, "पुढच्या वेळी जाळी परत लाव."

पुढची वेळ आली, तेव्हा जाळी लावायला फुरसत झाली नव्हती. त्या दिवशी तो पाण्यातून नेहमीच्या वाटेने न येता वरच्या दगडांवरून काठावर चढला. बायको थोड्या अंतरावर होती. तो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने हात केला. ती त्याच्याकडेच पाहत होती, पण तिची नजर त्याच्यातून पलीकडे गेली आणि पाणी शोधू लागली. शिवण मांडीवरून खाली पडले तरी तिने ते उचलले नाही. माझ्या आत त्याचा श्वास थांबलेला मला कळला. मग तो सावकाश वळला आणि त्याने तिच्याकडे पाठ केली.

"हं, आलात का!" ती म्हणाली. "किती वेळ लावलात."

"मासा मोठा होता," तो म्हणाला. मासा नव्हताच.

जाळीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. नदीच्या वळणापलीकडे मोठा डोह होता, तिथे जाणेही त्याने सोडले. सोबती तिकडे जात, मोठमोठे मासे दाखवत. हा अलीकडेच, काठाकडे पाठ करून उभा. "पलीकडे फार ओढ आहे," असे तो सांगे. अशी कितीतरी वर्षे गेली. माझी चेन दोनदा बदलली, लोकर झिजली. तिने मला दर वेळी खिसे रिकामे करून साध्या पाण्यात धुतले आणि सावलीत वाळवले.

मग एका हिवाळ्यात ती गेली.

मी दारामागच्या खुंटीवर होतो. घरात खूप माणसे आली आणि हळूहळू कमी झाली. कुणीतरी माझ्यावर छत्री अडकवली, ती तशीच राहिली. माझ्या एका खिशात ओलसर डबी होती, तिला गंज चढला. रंगारी दाराशी येई, माझ्याकडे न पाहता वाण्याकडे जाऊन येई.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलीने मला खाली काढले. डबी फेकली, मला धुतले. बापाच्या हातात दिले. त्याने मला अंगात घातले.

नदीवर तो त्याच जुन्या जागी उभा राहिला. पाणी जेमतेम गुडघ्याला लागत होते. काठाकडे पाठ. गळ टाकला, ओढला, पुन्हा टाकला. तिथे मासे नाहीत हे त्याला ठाऊक होते. वळणापलीकडे आता तो खुशाल जाऊ शकत होता. काठावरून कुणाला दिसत राहायची गरज उरली नव्हती. तरी तो जागचा हलला नाही.

मुलगी काठावर बसली होती. बऱ्याच वेळाने ती उठली आणि तिने चपला हातात घेतल्या.

"बाबा, डोहाकडे चला."

"इथूनच बरं आहे."

"मला दगडांवरून चालता येतं. तुम्ही पाण्यातून चला, मी काठाकाठाने येते."

त्याने गळाचा दोरा गुंडाळून घेतला. मग त्याने एक पाऊल पुढे टाकले, आणखी एक टाकले. पाणी मांडीला आले, माझ्या खालच्या शिवणीला लागले. वळणावर त्याने मागे पाहिले नाही. काठावरच्या दगडांवरून तिची पावले वाजत होती, तीच तो ऐकत होता.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घरात असेल तर तिला खुंटीवर कुजू देऊ नका. धुवा, वाळवा, वापरा. आणि कुणासाठी नवे जाकीट घ्यायला गेलात, तर खिसे भरून, हात वर करून पाहाच. पण काठावर थांबणाऱ्या माणसालाही दुकानात सोबत न्या. त्याला काय दिसते, तेही एकदा विचारा.