भारीतलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी आहे, आणि आज मी जरा चिडून बोलणार आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात, असा रिवाज आहे म्हणे. माझ्याकडून ते होईलसे वाटत नाही. ज्याने मला सगळ्यांत जास्त जीव लावला, त्यानेच माझा केसाने गळा कापला. माझा एकटीचा कापला असता तर मी गप्प बसले असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका रांगेत उभ्या असत. एकीला दारे लागत, दुसरीला चाके, तिसरीच्या पोटात इंजिन बसे. तुम्हाला वाटत असेल, गाडी पेट्रोलवर जगते. पेट्रोल हे माझे जेवण, ते खरेच आहे. पण इंजिन ऑइल म्हणजे माझे रक्त. इंजिनात लोखंड लोखंडाशेजारी गरगर फिरते. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकांना खात नाही. हे तेल वापरून काळे पडते, थोडे जळते, थोडे झिरपते. म्हणून ते अधूनमधून बघायचे असते आणि वेळ झाली की बदलायचे असते. गाडी सांभाळण्यात एवढे एक काम चुकवून चालत नाही.

माझे पहिले मालक चष्म्याच्या दुकानाचे काका होते. ते मला इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पुढे जाताना आत डोकावून बघत. त्यांनी मला कायम साधे तेल घातले, पण दर पाच हजार किलोमीटरला न चुकता बदलले. साध्या तेलाचा थोडा चिकट गाळ इंजिनात कोपऱ्याकोपऱ्यांत बसतो. माझ्याही बसला. तेल आत अडवून धरणारी माझी रबराची सीले वयाप्रमाणे कडक झाली, त्यांना बारीक भेगा पडल्या आणि त्या भेगांत हाच गाळ जाऊन बसला. खिडकीच्या फटीत जुना कागद कोंबून वारा अडवावा, तसे माझे चालले होते. दिसायला बरे नव्हते, पण गळत काही नव्हते. पुढे चष्मे विकणाऱ्या काकांची स्वतःचीच नजर अधू झाली, आणि त्यांनी मला विकले.

मला विकत घेणारा माणूस फरश्यांच्या दुकानात विक्रेता होता. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही त्याला दादाच म्हणू लागले. मित्रांनो, दादाने सुरुवातीला माझे जे लाड केले, ते आठवले की आजही माझा राग वाढतो. दर रविवारी सकाळी तो बॉनेट उघडायचा. तेल मोजायची दांडी बाहेर काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा घालून काढायचा. तेल दोन बोटांत चोळून बघायचा, वाससुद्धा घ्यायचा. वरच्या खिडकीतून वहिनी हाका मारायच्या, "अहो, ती काही पळून जात नाही. चहा गार होतोय." दादा म्हणायचा, "आलोच," आणि पुन्हा दांडी पुसायचा. आपल्याला कोणीतरी बघते आहे, यात फार सुख असते.

मग दादाच्या दुकानातल्या मित्रांनी नव्या गाड्या घेतल्या. जेवणाच्या सुट्टीत कोण कुठले तेल घालतो, याच्या गप्पा रंगायच्या. साधे तेल म्हटले की दादाचा चेहरा पडायचा. एके दिवशी तो मला घेऊन मेस्त्रींच्या गॅरेजात गेला. चकचकीत डबा त्याने स्वतःच आणला होता.

"मेस्त्री, आता हिला भारीतलं तेल. फुल सिंथेटिक."

"घालू की," मेस्त्री म्हणाले. "पण गाडी जुनी आहे. हे तेल आतला सगळा गाळ धुऊन काढतं. पहिल्यांदा लवकर बदलून घ्या, दोन-अडीच हजार किलोमीटरांत. सीलं पाझरायला लागतील कदाचित, तेव्हा दांडी बघत राहा."

"पण डब्यावर पंधरा हजार लिहिलंय."

"ते नव्या इंजिनांचं झालं."

दादाने मान हलवली. मेस्त्रींच्या बोलण्यातले त्याने किती ऐकले, ते मला माहीत नाही. त्याचे डोळे डब्यावरच्या पंधरा हजारांवर होते.

आता तेलाबद्दल मी खोटे बोलणार नाही. तेल उत्तम होते. थंडीच्या सकाळी किल्ली फिरवताच ते सरसर सगळीकडे पोचायचे. माझा आवाज मऊ झाला, गाडी खुलली, असे दादा ज्याला त्याला सांगत सुटला. मलाही वाटले, आपले नशीब उघडले. मग पहिला रविवार आला आणि बॉनेट उघडले गेले नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. शेजारच्यांनी विचारले तर दादा ऐटीत म्हणाला, "भारीतलं तेल आहे. आता पंधरा हजारांपर्यंत बघायचं काम नाही." मी तिथेच उभी होते. एवढे महाग तेल त्याने माझ्यावरच्या मायेने आणले, असे मी समजत होते. माझ्याकडे बघायचे कष्ट वाचावेत म्हणूनही माणूस महाग वस्तू आणतो, हे मला तेव्हा कळले.

मेस्त्री म्हणाले होते तसेच झाले. गाळ धुऊन निघाला, भेगा मोकळ्या झाल्या आणि मी थेंबथेंब पाझरू लागले. पार्किंगच्या फरशीवर काळे डाग पडले. तळमजल्यावरच्या आजींचा पाय त्यावरून घसरता घसरता राहिला आणि त्यांनी दादाची चांगलीच हजेरी घेतली. दादा खजील झाला. आता तरी हा बॉनेट उघडेल, असे मला वाटले. त्याने काय करावे? फरशीवरचा तेलाचा डाग कशाने जातो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दुकानातून पावडर आणून त्याने फरशी लख्ख घासली आणि माझ्या पोटाखाली खोक्याचा एक पुठ्ठा सरकवला. पुठ्ठा भिजला की तो नवा पुठ्ठा घालायचा. तेल बदलायला त्याला फुरसत झाली नाही, पुठ्ठा मात्र वेळच्या वेळी बदलला जायचा.

पुढचे सांगायला मला जड जाते. माझ्यातले तेल कमी होत गेले. वळणावर डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा. दादा म्हणायचा, "वायर सैल झाली असेल." मग चढावर आतून टकटक सुरू झाली. ती माझी हाक होती, मित्रांनो. दुसरी भाषा मला येत नाही. दादाने हात पुढे केला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

दादाची धाकटी बहीण नर्स आहे. सगळे तिला चिमी म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुण्याचे आणि पट्ट्या बदलण्याचे काम तिला त्याच सुमारास मिळाले होते. स्वतःची गाडी हवी, अशी त्या कामाची अटच होती. दादा तिला बसथांब्यावर सोडायला निघाला होता, तेव्हा माझ्याच पुढच्या सीटवर बसून ती म्हणाली, "दादा, एखादी जुनी बघून ठेव ना माझ्यासाठी. गाडी नसली तर हे काम जाईल रे हातचं."

दादाने गिअर बदलला. मग म्हणाला, "दुसरी कशाला बघतेस? हीच घे, स्वस्तात देतो. मला तसंही नवी घ्यायचीच आहे."

चिमीचे डोळे भरून आले. तिने माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला. रेडिओ मोठ्याने चालूच होता.

दुसऱ्याच दिवशी दादा आणि वहिनी मला मेस्त्रींकडे घेऊन गेले. मेस्त्रींनी दांडी बाहेर काढली. ती जवळजवळ कोरडीच होती. त्यांनी इंजिन चालू केले, कान लावला आणि बंद केले. "बेअरिंगं खाल्ली गेलीत तेलावाचून. इंजिन खोलायला लागेल."

"आवाज तेवढा बंद होईल का?" दादाने विचारले.

मेस्त्रींनी हात पुसत त्याच्याकडे पाहिले. "घट्टातलं घट्ट तेल आणि वर एक बाटली औषधाची घातली तर आवाज दबेल. आजार नाही जायचा."

"घाला मग."

मेस्त्रींनी घातले. त्यांना सगळे कळत होते. तरीही घातले, कारण गिऱ्हाईक दादा होता. मी त्यांनाही विसरलेली नाही.

परत येताना वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "निदान तिला सांगा तरी."

"सांगितलं तर घेईल का ती?"

"दुसऱ्या कुणाला विका मग."

"दुसरा कुणी तपासल्याशिवाय घेणार नाही," दादा म्हणाला. वहिनी पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

ज्या दिवशी चिमी मला न्यायला आली, त्या दिवशी दादाने एक गोष्ट केली. ती मला सगळ्यांत जास्त लागली. किल्ली हातात ठेवताना तो म्हणाला, "कुणा मेकॅनिकला दाखवून घ्यायची तर घे हं."

"काय बोलतोस दादा," चिमी हसली. "तुझी गाडी, आणि मी परक्यासारखी तपासून घेऊ?"

तिचे हेच उत्तर येणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून तर सुचवले. वर आणखी म्हणाला, "तेल नवंच आहे. भारीतलं. वर्षभर बघायला नको."

मी ओरडायचा जिवापाड प्रयत्न केला. पण ते घट्ट तेल माझ्या तोंडात बोळ्यासारखे बसले होते. तिने मला चालू केले तेव्हा माझा आवाज इतका शांत निघाला की माझी मलाच लाज वाटली. लहान मुलाला धाक घालून गप्प बसवावे आणि पाहुण्यांना सांगावे, किती गुणी आहे हो, तशातला प्रकार.

चिमीबरोबरचे दिवस थोडे होते, पण ते मला प्रिय आहेत. मागच्या सीटवर पट्ट्यांची पिशवी, पुढे तिचा डबा. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या पाठीला झोपून झोपून जखमा झाल्या होत्या. चिमी आली की ते तिच्या बाहीची शिवण तपासत आणि नावे ठेवत. "तुमची पाठ आधी बरी करू, मग माझी बाही उसवा," ती म्हणायची. अशा गमती ती परतीच्या वाटेवर फोनवर नवऱ्याला सांगायची आणि माझ्याकडून त्या आपोआप ऐकल्या जायच्या. पुलाचा चढ आला की मी श्वास रोखून जायचे. तिला काहीच माहीत नव्हते. तिला माहीत होऊ नये, अशी व्यवस्था तिच्या सख्ख्या भावाने केली होती.

एका दुपारी त्याच चढावर माझ्या आतले काहीतरी तुटले. एक मोठा खणखणाट झाला आणि इंजिन जाम झाले. मागे हॉर्न वाजू लागले. चिमी रस्त्याच्या कडेला पिशवी छातीशी धरून उभी होती आणि शिंप्याच्या सुनेला फोनवर सांगत होती, "आज पट्टी बदलायला उशीर होईल हो. त्यांना कुशीवर वळवून ठेवा तेवढं." तो दिवस तिचा त्या कामावरचा शेवटचा ठरला. गाडी नाही म्हटल्यावर तिच्या जागी दुसरी नर्स ठेवली गेली.

मला ओढून जवळच्या गॅरेजात आणले. हे गॅरेज एक बाई चालवतात. चिमीने दादाला बोलावून घेतले. तो आला तेव्हा गॅरेजवाल्या बाईंनी माझ्या खालचा तेलाचा चेंबर उतरवला होता. चिकट तेलात धातूचा चुरा चमचम करत होता.

"हे असलं तेल कुणी घातलं?" बाईंनी विचारले. "आवाज दाबायला घालतात हे. विकायच्या गाडीत."

चिमीने दादाकडे पाहिले. दादाने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मला अजूनही आशा होती. निदान आता तरी हा खरे बोलेल, असे मला वाटत होते.

"जुनी गाडी गं चिमे," तो म्हणाला. "कधी दगा देईल, सांगता येत नाही."

दगा. मी दिला! लाल दिवा दाखवून झाला, टकटक करून झाली, थेंब गाळून झाले. जमेल त्या प्रत्येक वाटेने मी त्याला सांगितले होते. आणि त्याने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून हात झटकले.

चिमी रागावली नाही. ती ओरडली असती तर दादाला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "इंजिन दुसरं मिळेल रे कुठंतरी. पण आता मला तुझी प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी लागेल." तिने पट्ट्यांची पिशवी उचलली, किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि ती बसथांब्याकडे चालू लागली. दादा तिच्यामागे दारापर्यंत गेला. पुढे गेला नाही.

आता मी या गॅरेजच्या मागच्या अंगणात उभी आहे. कोणाला माझे दार हवे असते, कोणाला दिवा, ते काढून नेतात. मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, गाडी असेल, शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, तर त्याला महागाचे काही आणले नाही तरी चालेल. मात्र त्याला बघत राहा, आणि ते कुरकुरले तर ऐका. त्याला विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला त्याचे दुखणे सांगा. घेणारे आपलेच माणूस असेल तर दोनदा सांगा, कारण ते तुम्हाला विचारणार नाही.